डिस्ने की युनिव्हर्सल? ऑर्लँडोचा बेत ठरवण्याआधी घरातल्या दोघांना विचारा

फ्लोरिडातलं ऑर्लँडो म्हणजे डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन मोठ्या थीम पार्कांच्या समूहांचं गाव. त्याचा विषय निघाला की आमच्या घरी सगळ्यात आधी शिवणाच्या डब्यातली टेप बाहेर येते. मुलांना बूट घालून भिंतीला पाठ टेकून उभं करायचं आणि उंची सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवायची. तिकिटं, हॉटेल, सुट्टीचे अर्ज हे सगळं त्यानंतर.

पहिल्या खेपेला असं केलं नव्हतं. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि सांगलीहून सासू-सासरे आले होते. एका राईडच्या तोंडाशी उंची मोजायची काठी होती, त्यात ती दोन बोटं कमी भरली. भाऊ आत गेला, ती बाहेर राहिली. तिचं ते रडणं मला अजून आठवतं. त्याच दुपारी दोन वाजता सासूबाई एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही या फिरून, मी इथेच आहे." गुडघ्यांनी पार हात टेकले होते. आम्ही सगळा बेत घरातल्या सगळ्यात उत्साही माणसाला विचारून आखला होता. विचारायला हवं होतं ते सगळ्यात बुटक्या मुलाला आणि सगळ्यात दुखऱ्या गुडघ्यांना.

त्यानंतर कुटुंबासोबत दोनदा आणि एकदा अगदी एकटी जाऊन आले. अटलांटाजवळ राहत असल्यामुळे ऑर्लँडो आम्हाला गाडीने एका दिवसाच्या अंतरावर आहे. अमेरिकेतली मराठी घरं, त्यांच्याकडे भारतातून येणारे आईवडील आणि एकट्याने जाऊ पाहणारे, या सगळ्यांसाठी मी ज्या क्रमाने ठरवते तोच क्रम इथे देते आहे.

१. आधी दोन्हींचा आवाका समजून घ्या

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर खोपोलीचं इमॅजिका किंवा पूर्वीचं गोराईचं एस्सेलवर्ल्ड असतं. सकाळी एका फाटकातून आत जायचं आणि संध्याकाळी त्याच फाटकातून बाहेर पडायचं. इथला पसारा वेगळा आहे, आणि तो आधीच समजावून सांगितला नाही तर पहिल्याच दिवशी सगळे दमतात आणि चिडतात.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला सुरू झालं. जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर, म्हणजे मॅनहॅटन बेटाहून मोठी. तिच्यात चार स्वतंत्र पार्क आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). शिवाय दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं. एका पार्कातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल, बोट किंवा २०१९मध्ये सुरू झालेला स्कायलायनर नावाचा रोपवे. एका फाटकातून दुसऱ्या फाटकात पोचायला पाऊण तास सहज जातो.

युनिव्हर्सल ऑर्लँडो त्यामानाने आटोपशीर. युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा (१९९०) आणि आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर (१९९९) हे दोन पार्क शेजारी-शेजारी आहेत आणि मध्ये सिटीवॉक नावाचा दुकानं-हॉटेलांचा चौक. एकातून दुसऱ्यात दहा-पंधरा मिनिटांत चालत जाता येतं. २०१७मध्ये व्होल्केनो बे हा वॉटर पार्क आला. २२ मे २०२५ला एपिक युनिव्हर्स हा नवा मोठा पार्क उघडला, तो मात्र जुन्या पार्कांपासून काही किलोमीटर लांब आहे आणि तिथे शटल बसने किंवा गाडीने जावं लागतं. त्यामुळे २०२५च्या आधी जाऊन आलेला कोणी "युनिव्हर्सल दोन दिवसांत होतं" म्हणाला तर तो हिशेब आता जुना झाला. तिन्ही पार्क पाहायचे तर तीन दिवस धरा.

२. उंची मोजा, मग यादी करा

किती उंचीला काय मिळतं ते ढोबळमानाने असं. तारखा पक्क्या झाल्या की त्या-त्या पार्कच्या अ‍ॅपवर एकदा पडताळून घ्या, कारण नूतनीकरणानंतर काही मर्यादा बदलतात.

मूल ९७ सेंटिमीटरच्या खाली असेल तर फार विचार करायचं कारण नाही, डिस्नेच. मॅजिक किंगडममध्ये पीटर पॅनची उडती होडी, डंबो हत्ती, जंगल क्रूझ, समुद्री चाचे, भुताचा वाडा या कशालाच उंचीची अट नाही. अ‍ॅनिमल किंगडमची सफारी, एपकॉटमधल्या फ्रोझन आणि रॅटाटुईच्या राईड, हॉलिवूड स्टुडिओजमधली टॉय स्टोरी मेनिया यांनाही नाही. अख्खं कुटुंब, कडेवरच्या बाळापासून आजोबांपर्यंत, एकाच होडीत बसतं. युनिव्हर्सलमध्ये हे सुख फार कमी वेळा मिळतं.

९७ला सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग डॅश हे दोन कौटुंबिक रोलर कोस्टर खुले होतात. १०२ला दोन्हीकडे बरंच काही मिळतं: डिस्नेत सोअरिन, टेस्ट ट्रॅक, राईज ऑफ द रेझिस्टन्स, युनिव्हर्सलमध्ये स्पायडर-मॅन आणि एपिकमधली हॅरी पॉटरच्या जादू मंत्रालयाची राईड. ११२ला डिस्नेतला स्पेस माउंटन, एव्हरेस्ट आणि अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज.

खरी रेघ आहे १२२वर. हॅग्रिडची मोटरसायकल, हॅरी पॉटरच्या किल्ल्यातली फॉरबिडन जर्नी, एपिकमधले स्टारडस्ट रेसर्स या सगळ्यांना १२२ लागते. व्हेलोसिकोस्टरला १३०, हल्कला १३७. म्हणजे ज्या राईडसाठी लोक युनिव्हर्सलला जातात, त्यांतल्या बऱ्याचशा या रेघेच्या वर आहेत. मूल ११८-११९ला अडलं असेल आणि त्याचा जीव हॅरी पॉटरमध्ये असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की सहल वर्षभर पुढे ढकला. जाड सोलचे बूट घालून मर्यादा गाठायचा प्रयत्न करू नका. ती अट सीटच्या पट्ट्याने अंग नीट धरावं म्हणून असते.

धाकट्याची उंची कमी आणि थोरल्याची पुरेशी असेल तर एक सोय दोन्हीकडे आहे. डिस्ने तिला रायडर स्विच म्हणतं, युनिव्हर्सल चाइल्ड स्वॅप. एक पालक धाकट्याजवळ थांबतो, दुसरा थोरल्याला घेऊन जातो, मग दोघं अदलाबदल करतात आणि पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला नुसतं सांगायचं.

आणखी एक गोष्ट विचारात घ्या, ती म्हणजे घाट लागणारी माणसं. महाबळेश्वरच्या वाटेवर ज्यांना गाडी लागते, त्यांना युनिव्हर्सलच्या पडद्यावरच्या राईड त्रास देतात. सीट हलते आणि समोर थ्रीडी चित्र धावतं. अशा राईड तिथे बऱ्याच आहेत. माझा नवरा धडधडीत रोलर कोस्टरवर खुशाल बसतो, पण पडद्याच्या दोन राईडनंतर त्याला लिंबू-पाणी लागतं.

३. गुडघ्यांचा हिशेब

दिवसाला दहा किलोमीटरच्या वर चालणं होतं, दोन्हीकडे. आजी-आजोबा सोबत असतील तर हे आकडे त्यांना आधी सांगा आणि महिनाभर आधीपासून रोज चालायला लावा. व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर पार्कात भाड्याने मिळते. आपल्याकडची माणसं व्हीलचेअर म्हटलं की "मी काय आजारी आहे का?" म्हणून नाराज होतात. सासूबाईंना मी दुसऱ्या खेपेला एवढंच सांगितलं की खुर्ची दोन राईडच्या मधल्या अंतरासाठी आहे, तिथे पोचलं की तुम्ही उठून चाला. त्या चार दिवस संध्याकाळपर्यंत आमच्यासोबत होत्या. खुर्ची घेतल्याने रांग चुकत नाही, हेही लक्षात असू द्या.

वडीलधाऱ्यांसाठी माझी पसंती एपकॉट आणि अ‍ॅनिमल किंगडम. हे थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक याद्या मुलांच्या बाजूने लिहिलेल्या असतात आणि आजी-आजोबा त्यात पिशव्या सांभाळणारे ठरतात.

एपकॉटमध्ये लिव्हिंग विथ द लँड नावाची होडीतली संथ सफर आहे. होडी खऱ्याखुऱ्या हरितगृहांमधून जाते. मातीविना पाण्यावर वाढवलेल्या भाज्या, मांडवावर पसरलेले टोमॅटोचे वेल, टाक्यांमध्ये वाढवलेले मासे असं सगळं दिसतं, आणि तिथलं उत्पादन डिस्नेच्याच हॉटेलांमध्ये वापरलं जातं. माझ्या सासऱ्यांचा द्राक्षांचा मळा आहे. त्यांनी ती राईड एका दिवसात तीनदा केली. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा ठिबकच्या नळ्या कशा बांधल्या होत्या ते मला कागदावर काढून दाखवत होते. रांगही तिथे बहुधा लहान असते.

एपकॉटच्या मागच्या अर्ध्या भागात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. त्यात भारत नाही, ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर शोधत बसतात. तळ्याची पूर्ण फेरी सुमारे दोन किलोमीटरची, ती ऊन उतरल्यावर करावी.

भारताची आठवण होते ती अ‍ॅनिमल किंगडममध्ये. आशिया विभागातलं आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव, रंग उडालेल्या भिंती, मोडका राजवाडा आणि त्याच्या आवारात खरे वाघ. महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट सावलीची आहे आणि आपल्या वेगाने चालता येते. सफारी आजी-आजोबांना जरूर दाखवा, पण ट्रक खडबडीत रस्त्याने जातो. कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर ती वगळा.

युनिव्हर्सलमध्ये ज्येष्ठांसाठी काय? हॅरी पॉटरच्या गोष्टीतली हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही आगगाडी, डायगन अ‍ॅलीतला बाजार, सिटीवॉकची संध्याकाळ, एपिकमधल्या सेलेस्टियल पार्कची बाग आणि कारंजी. एक दिवस छान जातो. तीन दिवस त्यांना तिथे नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

४. महिना ठरवा

ज्यांना शाळांचं बंधन नाही त्यांनी ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर किंवा जानेवारीचा उत्तरार्ध पाहावा. नाताळ ते नववर्ष, थँक्सगिव्हिंगचा आठवडा, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा आणि मार्च ते ईस्टरपर्यंतची स्प्रिंग ब्रेक हे ऐन गर्दीचे दिवस. न्यू जर्सीकरांना एक खास सूचना: नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनामुळे तुमच्या शाळांना जी जोडून सुट्टी मिळते, त्या आठवड्याला ऑर्लँडोत जर्सी वीक असंच नाव आहे. एडिसनची निम्मी ओळखीची माणसं तिथे रांगेत भेटतील.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. त्या काळात जायचं तर रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच बुकिंग घ्या. उन्हाळ्यात हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट असते आणि दुपारी जवळजवळ रोज गडगडाट होऊन पाऊस येतो.

५. तिकिटांचं गणित

दोन्हीकडे किंमत तारखेनुसार बदलते. एका दिवसाच्या एका पार्कचं तिकीट साधारण १२० डॉलरपासून सुरू होतं आणि नाताळात २००च्या आसपास किंवा वर जातं. दिवस वाढवले की दर दिवसाचा भाव उतरतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तीन ते नऊ वर्षांना मुलांचं तिकीट, पण त्यात वाचतात जेमतेम पाच-दहा डॉलर. दहाव्या वाढदिवसापासून पूर्ण तिकीट.

उदाहरणादाखल चौघांचं कुटुंब, चार दिवस आणि सरासरी १५० डॉलर धरले तर २,४०० डॉलर, त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर म्हणजे आणखी १५६. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच पुढच्या पायऱ्या चढा, कारण मुक्काम आणि रांग टाळण्याचे पास याच्या वर आहेत.

एका दिवसात दोन पार्क पाहायची मुभा देणारं महाग तिकीट घ्यावं का? डिस्नेत, पहिल्या खेपेला, नको. मधल्या प्रवासातच तास-दीड तास जातो. युनिव्हर्सलमध्ये हो, कारण हॉगवर्ट्स एक्सप्रेस एका पार्कातून दुसऱ्यात जाते आणि दोन्ही पार्कांचं तिकीट असल्याशिवाय तिच्यात बसता येत नाही. हॅरी पॉटरवेड्या मुलांना त्या गाडीविना परत आणू नका.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर "फुकट तिकिटं" मिळतात. त्यासाठी बहुधा टाइमशेअरच्या, म्हणजे सुट्टीच्या घरात वाटा विकणाऱ्यांच्या, भाषणाला दोन-तीन तास बसावं लागतं आणि तिथे गळ घालणारी माणसं पटाईत असतात. अर्धं वापरलेलं तिकीट कोणी स्वस्तात देत असेल तर तेही घेऊ नका. तिकिटं नावावर असतात आणि दुसऱ्याला देता येत नाहीत.

६. मुक्काम

इथे दोघांचा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो.

युनिव्हर्सलची तीन महागडी हॉटेलं आहेत: पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला जुन्या दोन्ही पार्कांत रांग टाळण्याचा एक्स्प्रेस पास फुकट मिळतो, कितीही वेळा वापरण्याचा. तो खोलीत शिरण्याच्या आणि खोली सोडण्याच्या, दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एक रात्र राहिलात तर दोन दिवसांची सोय झाली. तोच पास चौघांसाठी सुटा विकत घ्यायचा तर गर्दीच्या दिवसांत खोलीच्या भाड्याहून महाग पडतो. एपिक युनिव्हर्सला मात्र ही सवलत लागू नाही. आम्ही पहिले दिवस स्वस्त जागी राहून एक रात्र तिथे काढली. पूर्ण सहलीत याहून चांगला व्यवहार आम्हाला जमला नाही.

डिस्नेच्या हॉटेलात राहिल्याने रोज अर्धा तास आधी प्रवेश, फुकट बस आणि पार्किंग, आणि रांग टाळण्याचे पास इतरांच्या आधी राखता येणं एवढं मिळतं. ऑल-स्टार आणि पॉप सेंच्युरी ही स्वस्तातली. पॉप सेंच्युरीला स्कायलायनर आहे, त्यामुळे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाताना बसची वाट पाहावी लागत नाही. तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावेत.

आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर दोन्ही सोडा आणि किसिमी किंवा डेव्हनपोर्टकडे भाड्याचं घर घ्या. चार-पाच खोल्या, स्वयंपाकघर, बहुतेक ठिकाणी मागे पोहण्याचा तलाव. पातेली असतात, कुकर नसतो, तो गाडीतून न्या. सकाळी सातला पोहे खाऊन निघालेलं कुटुंब दुपारपर्यंत तग धरतं आणि रात्री मऊ खिचडी मिळणार हे माहीत असलं की वडीलधारे जेवणाची चिंता सोडून फिरतात. गाडी मात्र हवीच आणि पार्किंगचे दिवसाला तीस डॉलरच्या पुढे धरा.

७. रांगा: कोणाला किती नियोजन झेपतं?

डिस्नेची पद्धत नियोजनाची आहे. लायटनिंग लेन मल्टी पास नावाचा पास दिवसापुरता विकत घ्यायचा आणि त्यात तीन राईडच्या वेळा आधीच निवडायच्या. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी, ऑर्लँडोच्या सकाळी सात वाजता ही निवड खुली होते. पहिली राईड झाली की पुढची घ्यायची, असं दिवसभर फोनवर चालू राहतं. सगळ्यात मागणीच्या एक-दोन राईडसाठी वेगळे पैसे. बसून जेवायच्या हॉटेलांची टेबलं साठ दिवस आधी राखता येतात. घरात कोणीतरी एक जण हे आवडीने करणारा हवा. आमच्याकडे ते काम माझ्या मुलाकडे आहे आणि तो ते बँकेच्या कारकुनाइतक्या काटेकोरपणे करतो.

युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पास साधा: दाखवा आणि वेगळ्या छोट्या रांगेत शिरा, वेळ ठरवायची गरज नाही. महाग आहे, पण डोकं शांत राहतं.

दोन्हीकडे पैसे न देता चालणारा उपाय एकच, पार्क उघडायच्या पाऊण तास आधी फाटकाशी असणं. मॅजिक किंगडमला आणखी अर्धा तास जोडा, कारण वाहनतळापासून पुढे बोट किंवा मोनोरेल घ्यावी लागते. भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांना पहाटे तीन-चारला जाग येते, तिचा इथे छान उपयोग होतो. त्यांना आल्यावर महिनाभराने नेण्यापेक्षा पहिल्या दहा-बारा दिवसांत न्या, सगळ्यांच्या आधी तेच तयार होऊन बसलेले असतात.

८. शिदोरी

शाकाहारी घरांसाठी ही पायरी निर्णायक ठरू शकते. डिस्नेत घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, लाडू, सगळं गेलं. युनिव्हर्सलमध्ये नियम कडक आहेत: पाण्याची बाटली, किरकोळ कोरडा खाऊ, बाळाचं खाणं आणि पथ्याचं अन्न यापलीकडे नको म्हणतात. जेवणाच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं तर दोन्हीकडे फुकट देतात.

विकत घ्यायचं तर डिस्नेच्या मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांना पानाची खूण असते. तेवढी पाहिली की अंडं आणि दूध दोन्ही नाही हे कळतं. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हटलं तर अंडं चालतं असा तिथे समज आहे. अ‍ॅनिमल किंगडममधलं साटूली कँटीन आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं साना ही आमची ठरलेली ठिकाणं. सानामध्ये नान आणि नऊ तऱ्हांच्या चटण्या-कोशिंबिरींची एक थाळीच मिळते, आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरत असतात.

९. एकट्याने जाताना

दोन वर्षांपूर्वी कामाच्या परिषदेसाठी ऑर्लँडोला गेले, तेव्हा दोन दिवस वाढवून घेतले. विचार न करता युनिव्हर्सल निवडलं आणि एकटीने जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. कारण आहे सिंगल रायडर रांग. चार सीटच्या डब्यात तिघांचं कुटुंब बसलं की उरलेली जागा एकट्याने आलेल्याला देतात. युनिव्हर्सलच्या बऱ्याच मोठ्या राईडना ही रांग आहे, डिस्नेत मोजक्यांना. शेजारच्या फलकावर ऐंशी मिनिटं लिहिलेली असताना मी वीस मिनिटांत बसून उतरले. एक्स्प्रेसचे पैसे वाचले.

एक पथ्य पाळा. फॉरबिडन जर्नीची मुख्य रांग किल्ल्याच्या दालनांतून जाते आणि ती बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा तिथून जा, दुसऱ्यांदा सिंगल रायडर. मोठ्या कोस्टरांवर खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. लॉकर राईडपुरता फुकट असतो, पण सामान धरायला सोबत कोणी नसल्यामुळे पासपोर्ट, दागिने, औषधांचा मोठा डबा हॉटेलातच ठेवलेला बरा. संध्याकाळी सिटीवॉकमधून हॉटेलकडे जाणाऱ्या वाटा उजेडाच्या आणि माणसांच्या असतात. मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. डिस्नेत एकट्याने एकच दिवस असेल तर एपकॉट. तिथे एकटी माणसं निवांत खात-फिरत असतात, आणि कुठल्या दालनात किती वेळ रेंगाळायचं हे कोणाला विचारावं लागत नाही.

१०. दिवसांची मांडणी

लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर डिस्ने चार दिवस, मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती. युनिव्हर्सल जमलं तर एक दिवस, तोही मोठ्या मुलांपुरता. सगळी मुलं १२२च्या वर असतील तर युनिव्हर्सल तीन आणि डिस्ने एक किंवा दोन. येण्या-जाण्याचे धरून हातात सहा दिवसांपेक्षा कमी असतील तर एकच निवडा, दोन्हीकडे धावू नका. जाण्याआधी बंद असलेल्या राईडची यादी पाहा. मॅजिक किंगडमच्या आतली नदी आणि तिच्यातली सफरीची बोट जुलै २०२५मध्ये कायमची बंद झाली, युनिव्हर्सलचा रिप राईड रॉकिट कोस्टर त्याच ऑगस्टमध्ये. मुलांना जुने व्हिडिओ दाखवून आशा लावलेली असते.

उन्हाळ्यात दुपारी एक ते चार मुक्कामी परत जा. ते शक्य नसेल तर छपराखालच्या राईड त्या वेळेसाठी राखून ठेवा. वीज कडाडली की मैदानातल्या राईड थांबवतात आणि लोक भराभर वाहनतळाकडे निघतात. तुम्ही निघू नका. रेनकोट घरून आणलेले असले म्हणजे झालं. छपराखालचा एखादा कोपरा गाठा, पुऱ्यांचा डबा उघडा, आजोबांना कोरडे मोजे द्या. तासाभरात आभाळ मोकळं होतं, राईड पुन्हा सुरू होतात, आणि दिवसभरातल्या सगळ्यात लहान रांगा बहुतेकदा तेव्हाच मिळतात.